कागदाच्या लगद्यातून उभं राहिलेलं प्रवेशद्वार

आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यात फिनिस्क नदीवरच्या पुलाच्या टोकाला ड्रोमाना इस्टेटीचं प्रवेशद्वार आहे. मधोमध कमान, तिच्यावर तांब्याचा हिरवा कांदाघुमट, बाजूंना सडसडीत मिनार आणि राखणदाराच्या देवडीला चर्चमध्ये शोभाव्यात अशा टोकदार खिडक्या. घुमट हिंदुस्थानी थाटाचा, खिडक्या युरोपी मध्ययुगातल्या!

इस्टेटीचे मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट यांचं लग्न 1826 मध्ये झालं. नवदांपत्याच्या स्वागतासाठी इथे कागदाच्या लगद्याचं तात्पुरतं प्रवेशद्वार उभारलं होतं आणि ते दोघांना फार आवडलं, असं सांगतात. पुढे 1849 च्या सुमारास मार्टिन डे या वास्तुकाराच्या आराखड्यावरून ते पक्कं बांधलं गेलं. घुमटाची कल्पना मात्र जॉन नॅशने इंग्लंडात ब्रायटनला बांधलेल्या राजवाड्याकडून आलेली दिसते.

कागदाची गोष्ट खरी असो वा नसो, टोकदार खिडक्यांच्या या हौशी गॉथिक शैलीला ती साजेशी आहे. मूळ गॉथिकमध्ये, म्हणजे युरोपी मध्ययुगातल्या चर्चच्या वास्तुशैलीत, टोकदार कमान नुसती शोभेची नव्हती. कोणतीही कमान वरचं वजन खाली आणताना दोन्ही पायांना बाहेर रेटते. रुंदी तेवढीच ठेवून कमान उंच केली, की हा आडवा रेटा कमी होतो. अर्धगोल कमानीची उंची रुंदीच्या बरोबर निम्मी असते. बाजूचे दोन्ही कंस रुंदीएवढ्याच त्रिज्येने काढले, तर टोकदार कमानीची उंची रुंदीच्या साधारण 0.87 पट होते. शिवाय त्रिज्या बदलून वेगवेगळ्या रुंदीच्या कमानी एकाच उंचीला आणता येतात. कॅथीड्रलांची उंच छतं याच हिशेबावर उभी राहिली.

अठराव्या शतकातल्या हौशी गॉथिकने आकार उचलला, काम सोडून दिलं. लंडनजवळ स्ट्रॉबेरी हिल या आपल्या घरात लेखक होरेस वॉलपोलने दालनाच्या छताची नक्षी चक्क कागदाच्या लगद्याची करून घेतली. या मंडळींची लाडकी कमान म्हणजे खाली बाहेर फुगणारी आणि टोकाशी आत वळणारी, आपल्या महिरपीच्या घाटाची. भार पेलायला हा आकार कच्चा. टोकाजवळ वळण उलटं फिरतं, त्यामुळे वरून भार आला की तिथले दगड आत झुकू पाहतात. देवडीची खिडकी जेमतेम एका माणसाच्या रुंदीची असते, म्हणून ही चैन परवडते. तोच घाट कॅथीड्रलच्या मुख्य छताला देऊन पाहावा!

या हौसेची किंमतही मोजावी लागे. जवळच लिस्मोरपाशी बॅलीसॅगार्टमोर इस्टेटीत देवड्या आणि पूल एवढ्या थाटात बांधले, की पैसे संपले आणि मुख्य वाडा झालाच नाही.

ड्रोमानाच्या घुमटाचा हिरवा रंग ही हवेची करणी. तांबं आधी तपकिरी पडतं, मग वर्षानुवर्षं ओल आणि हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे त्यावर हिरव्या क्षारांचा पातळ थर चढतो. तो थर खालच्या धातूची झीज मंदावतो, म्हणून तो घासून काढायचा नसतो. 1960 च्या दशकात जुन्या वास्तू जपणाऱ्या आयरिश जॉर्जियन सोसायटीने पुढाकार घेऊन या प्रवेशद्वाराची डागडुजी केली.