सोपा : दाराशी चिखलपाणी अडवणारी जागा

घराचे मुख्य दार आणि राहत्या खोल्या यांच्यामधली, बाहेरची माती, ओले पायताण, छत्री आणि दप्तर जिथे थांबते ती जागा. अमेरिका-कॅनडात बर्फाळ भागातल्या घरांना यासाठी वेगळी खोली असते, तिला मडरूम म्हणतात. जपानी घरात हे काम दाराशी असलेला सखल भाग करतो. त्याचे नाव गेंकान. जोडे खाली काढायचे आणि एक पायरी चढून आत जायचे. कोल्हापूर परिसरात हेच काम सोप्याने पिढ्यान्‌पिढ्या केले. म्हणून इथल्या घरात अशी जागा करायची, तर परदेशी खोलीच्या चित्रापेक्षा सोपा कसा चालत असे ते पाहणे जास्त उपयोगाचे आहे.

जुन्या घरात जोत्याच्या दोन-तीन पायऱ्या चढल्या की सोपा लागे. पायरीशेजारी सपाट दगड आणि पाण्याची बादली असे. शेतातून आलेला माणूस दगडावर पाय धुऊनच वर येई. भिंतीत कोनाडे, लाकडी खुंट्या, खुंटीला घोंगडे किंवा पोत्याची खोळ. भात लावणीच्या दिवसांत पश्चिमेकडच्या तालुक्यांत इरलीही, म्हणजे पावसात डोक्या-पाठीवर घ्यायची बांबू-पानांची आच्छादनेही, इथेच टेकवून ठेवत. झडीचा पाऊस आत येऊ नये म्हणून सोप्याच्या उघड्या बाजूला ताटी बांधत. बऱ्याच शेतकरी घरांत जनावरांची दावणही याच भागात असे, त्यामुळे ओल, शेण, माती यांचा सगळा व्यवहार पुढेच उरके आणि माजघर कोरडे राही. हेही नोंदवले पाहिजे की या जागेने माणसेही अडवली. जात पाहून कोणाला पायरीशी, कोणाला सोप्यापर्यंत आणि कोणाला आत, असा भेद इथेच पाळला जाई. आज सोपा नव्याने बांधताना त्याची फक्त चिखल अडवण्याची रीत घ्यावी.

जिल्ह्यात पाऊस सगळीकडे सारखा नाही. गगनबावड्याला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, कोल्हापूर शहरात साधारण १,००० मिलिमीटर, आणि पूर्वेला शिरोळकडे त्याहून बराच कमी. मातीही दोन तऱ्हेची. नदीकाठची काळी माती ओली असताना तळव्याला चिकटून बसते, पण वाळली की ढेकूळ होऊन सुटते. ती वाळू द्यावी आणि ब्रशने झाडावी. डोंगराकडची तांबडी माती फरशीवर आणि कपड्यावर डाग सोडते. ती ओली असतानाच धुतलेली बरी. राधानगरी किंवा आजऱ्याकडून रोज ये-जा करणाऱ्यांच्या घरात दाराशीच नळ हवा, तो याच कारणासाठी.

सोप्याची रचना पाण्यापासून सुरू करावी, कपाटापासून नाही. या भागाची फरशी आतल्या फरशीपेक्षा ४ ते ६ इंच खाली घ्यावी आणि तिला नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या जाळीच्या तोंडाकडे, १०० इंचांना १ इंच एवढा उतार द्यावा. एवढ्याने पाणी आत येत नाही आणि तुंबतही नाही. फरशी खरबरीत हवी. शहाबादी किंवा न घासलेला कोटा उत्तम. गुळगुळीत टाइलवर ओला पाय घसरतो, आणि घरात म्हातारी माणसे असतील तर ही चूक महाग पडते. दाराबाहेर काथ्याचे जाड पायपुसणे आणि आत सुती, अशी जोडी ठेवावी. बाहेरचे माती खरवडते, आतले पाणी टिपते. एकाच पायपुसण्याकडून दोन्ही कामे होत नाहीत.

बसून पायताण काढण्यासाठी कट्टा साधारण १८ इंच उंच आणि १५ ते १६ इंच रुंद असावा. तो बांधीव करून वर कडप्पा घातला तर ओलीने फुगत नाही. खाली पोकळी ठेवली की तीच रोजच्या चपलांची जागा होते. मोठ्यांच्या खुंट्या साडेपाच फुटांवर आणि मुलांच्या साडेतीन फुटांवर लावाव्यात. मुलांना स्वतःचा हात पोचला नाही तर दप्तर खुर्चीवरच पडणार. रेनकोटच्या खुंटीखाली कपाट नको, मोकळी फरशी हवी, कारण तो तासभर गळत असतो. हेल्मेट आणि गाडीची किल्ली यांना दाराजवळ एक फळी पुरते. पहाटे डेअरीला दूध घालणाऱ्या घरात किटली पालथी घालायला लोखंडी जाळी ठेवावी.

चपलांचे बंद कपाट हा इथला सर्वांत मोठा चुकीचा खर्च आहे. परदेशी चित्रांत ते नीटनेटके दिसते, पण आषाढात त्यात हवा खेळत नाही, आणि आठवड्याभरात चामड्यावर बुरशी धरते. कोल्हापुरी पायताणाला तर ते फारच वाईट. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले हे चामडे पाणी शोषते, फुगते आणि आकार सोडते. या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे आहेत. मिरगाचा पाऊस सुरू झाला की कोल्हापुरी पुसून, हलके तेल लावून, सुती कापडात गुंडाळून सर्वांत वरच्या फळीवर ठेवावी. भिजलीच तर सावलीत, वाऱ्यावर वाळवावी. उन्हात किंवा चुलीपाशी ठेवली की चामडे तडकते. बाकी चपलांसाठी पट्ट्यांची उघडी मांडणी करावी, फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवून. कपाट हवेच असेल तर त्याला झिलमिलीची, म्हणजे तिरक्या पट्ट्यांतून हवा जाणारी, दारे लावावीत.

फ्लॅटमध्ये सोपा उरत नाही. दार उघडले की थेट हॉल येतो आणि चपला जिन्यात जातात. शेजाऱ्यांशी कुरबूर बहुतेक तिथूनच सुरू होते. दारामागे तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद जागा मिळाली तरी काम भागते. खाली कडा असलेला स्टीलचा ट्रे, वर भिंतीला दुमडून बसणारी फळी, त्यावर चार खुंट्या. पाय धुण्याची सोय इथे होत नाही, म्हणून दाराजवळच्या मोरीपर्यंत एक सुती पट्टी अंथरतात. सुंदर दिसण्यासाठी वेगळे काही फारसे लागत नाही. तांबड्या मातीच्या रंगाची भिंत डाग लपवते, तांब्याचा किंवा पितळेचा एखादा जुना हंडा छत्र्यांना चांगला शोभतो.

पंचगंगेच्या काठावरच्या वस्तीत आणखी एक विचार करावा लागतो. कोल्हापुरात नदीची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात, आणि तिथे ४३ फूट ही धोकापातळी आहे. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले. सुतारवाड्यासारख्या सखल भागात पाणी आधी येते, आणि घरात येते ते सोप्यातूनच. अशा घरांत खालच्या फळ्या प्लायवूडच्या करू नयेत. दगड, लोखंड किंवा सहज उचलता येईल असे लाकूड वापरावे आणि विजेचे बटण कमरेच्या वर घ्यावे. पूर ओसरल्यावर गाळ ओला असतानाच काढावा लागतो, त्यामुळे सोप्यातला नळ आणि ट्रॅप यांची खरी परीक्षा तेव्हाच होते.

पावसाळ्यानंतर, घटस्थापनेआधीच्या साफसफाईत सोपा रिकामा करतात. रेनकोट धुऊन, वाळवून, पावडर मारून माळ्यावर जातात, कोनाडे पुसले जातात, ट्रॅपची जाळी काढून गाळ उपसतात. दसऱ्याच्या संध्याकाळी दसरा चौकात सोने लुटायला निघताना वरच्या फळीवरची कोल्हापुरी खाली येते.