प्रार्थनेत मन भरकटतं ही तक्रार मोबाईलच्या कितीतरी आधीची

मोबाईलमुळे प्रार्थनेत लक्ष लागत नाही असं हल्ली सगळेच म्हणतात आणि त्यात खोटं काही नाही, पण जरा बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांचा २० वा अध्याय काढून बघा. त्रोवस नावाच्या गावी पौल, येशूचा मोठा प्रेषित, मध्यरात्रीपर्यंत बोलत बसला होता आणि युतुख नावाचा पोरगा खिडकीत बसल्या बसल्या पेंगला तो थेट तिसऱ्या मजल्यावरून खाली (वाचला बरं का, शेवट चांगला झाला). साक्षात पौल बोलत असताना ही गत.

पण या गोष्टीचा नीट अभ्यास केला तो चौथ्या शतकात, इजिप्तच्या वाळवंटातल्या संन्याशांनी. गाव सोडलं, बाजार सोडला, नातेवाईक सोडले की मन आपोआप देवाकडे लागेल असा हिशोब, आणि झालं उलटंच, बाहेरचा गोंगाट थांबला तसा आतला जोरात ऐकू यायला लागला. एव्हाग्रिअस म्हणून एक हुशार माणूस कॉन्स्टँटिनोपल सोडून तिथे जाऊन राहिला, ३९९ मध्ये वारला, त्याने मनाला छळणारे आठ विचार लिहून ठेवलेत. त्यातला दुपारचा कंटाळा तर वाचाच: सूर्य हलतच नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, साधू सारखा खिडकीबाहेर बघतो, जेवायची वेळ झाली का, कोणी भेटायला येतंय का. खिडकीच्या जागी व्हॉट्सॲप टाका, बाकी काही बदलायला नको.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे या लोकांनी 'मन घट्ट कर' एवढंच सांगून विषय संपवला नाही. मनाला धरायला काहीतरी दिलं. याच वाळवंटातल्या संत अँथनीची गोष्ट सांगतात की तो असाच वैतागला असताना त्याला एक माणूस दिसला, बसून दोर वळतोय, उठून प्रार्थना करतोय, परत दोर वळतोय, आणि तो निघाला देवदूत. कॅसियन नावाचा संन्यासी इजिप्तमधून पुढे फ्रान्समधल्या मार्सेलला गेला, त्याने इजिप्तमधल्या अब्बा (म्हणजे बाबा) आयझॅकचा उपाय लिहून ठेवला, बायबलमधल्या स्तोत्र ७० ची पहिली ओळ, देवा माझ्या मदतीला लवकर ये, एवढंच दिवसभर घोकत राहायचं, खाताना, चालताना, झोप लागेपर्यंत. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठाच्या नियमात तीच ओळ प्रार्थनेच्या सुरुवातीला घातली आणि दिवसाचे सात अन् रात्रीचा एक असे प्रार्थनेचे वेळ ठरवून टाकले. म्हणजे मूड असो नसो, वेळ झाली की उठायचं.

मठाबाहेरच्या माणसाला हे झेपणार कसं? त्याच्यासाठी घंटा होती. सकाळ, दुपार, संध्याकाळ आंजेलूस, म्हणजे घंटा वाजली की म्हणायची छोटी प्रार्थना, हातातलं काम ठेवून दोन मिनिटं थांबायचं. दुपारच्या घंटेचा हुकूम पोप कॅलिक्स्टस तिसरा याने १४५६ मध्ये काढला, कारण मात्र वेगळंच, बेलग्रेडवर तुर्क चालून येत होते. पोर्तुगीजांबरोबर चर्चच्या घंटा गोव्यात आल्या, वसईत आल्या.

जर्मनीतल्या धर्मसुधारक ल्युथरने मठ नाकारले पण हा त्रास त्यालाही चुकला नाही. १५३५ मध्ये त्याच्या न्हाव्याने, पीटरने, प्रार्थना कशी करावी विचारलं तर ल्युथरने त्याला त्याच्याच धंद्यातलं उदाहरण दिलं, वस्तरा चालवताना गप्पा मारत बसलास तर गिऱ्हाइकाचं नाक कापशील, मग प्रार्थनेत दुसरीकडे बघून कसं चालेल.

आपल्याकडे मन धरून ठेवायचं काम चालीने केलं असं मला वाटतं. फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण, म्हणजे ख्रिस्ताची कथा, १६१६ चं, ओवीत. पुढे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन हेच उपासनेत आणलं, कारण विलायती चालीवर बसवलेलं मराठी गाणं ओठांवर येतं पण कामाच्या वेळी आपसूक गुणगुणलं जात नाही. टिळकांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही पेटी-तबल्यावर म्हणतात.