मातीच्या फरशांची वाळवण

हाताने थापलेल्या किंवा साच्यात दाबलेल्या ओल्या फरशा भट्टीत लावण्याआधी सपाट राखून सावकाश वाळवण्याची रीत. मलप्रभेकाठचे खानापूर (जि. बेळगाव) तांबड्या मातीसाठी, कौलांसाठी आणि कुंभारकामासाठी ओळखले जाते, खादी व ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी संस्थाही तिथेच आहे. फरशी वाकडी निघाली की बोल भट्टीला लागतो. खरे तर बहुतेक वेळा ती फळीवरच बिघडलेली असते.

पाणी उडाले की माती आखडते. २० सेंटिमीटरची फरशी नुसती वाळतानाच सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कमी भरते. सगळे अंग एकदम आखडले तर काहीच बिघडत नाही. पण कडांना वारा जास्त लागतो, वरची बाजू उघडी असते आणि खालची फळीला चिकटलेली. मग वरचा थर आधी ओढला जातो आणि कोपरे उचलतात, उन्हात टाकलेल्या पापडासारखे. कडक झालेली फरशी दाबून सरळ करू गेल्यास तडकते.

म्हणून फळी लाकडाची, पाणी शोषणारी हवी. तिच्यावर बारीक वाळू किंवा राख भुरभुरली की फरशीला आखडताना सरकता येते. मातीत भाजलेल्या खापरांचा चुरा मिसळला तर आखडणेच कमी होते. पहिल्या दिवशी सावली, वर कागद किंवा गोणपाट, आणि कडा नीट झाकलेल्या. बोट दाबून ठसा उठेनासा झाला, तरी ओल आहे, अशा वेळी फरशी उलटावी. ती हातावर मात्र उचलू नये. वर दुसरी फळी ठेवून दोन्ही फळ्यांसकट फिरवावी. ओलेपणी पडलेला बाक हाताने सरळ केला तरी माती तो विसरत नाही, वाळताना किंवा भट्टीत पुन्हा वर काढते. उलटून झाल्यावर मध्ये कागद घालून चार-पाच फरशांची चवड रचतात आणि वरच्या फळीवर विटा ठेवतात. कागद ओला झाला की बदलायचा.

खानापूरच्या पश्चिमेकडे धो धो पाऊस. तिथे पावसाळ्यात वाळवण लांबते, पण दमट हवेत फरशी वाकण्याची भीती कमी. जास्त जपावे लागते ते चैत्रातल्या कोरड्या वाऱ्याला.

वाळत आलेली फरशी कडेकडून फिकी होते, मध्ये गडद डाग उरतो. तो गेल्यावरही ती गालाला लावून पाहावी. गार लागली तर आत पाणी आहे. तशीच भाजली तर वाफेने फुटते.