दारिद्र्य : आर्थिक व्यवस्था आणि मदत

अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी एवढ्या किमान गरजाही भागू नयेत, अशी स्थिती म्हणजे दारिद्र्य. त्यातून कोणतीच अर्थव्यवस्था सुटलेली नाही. रूप मात्र व्यवस्थेगणिक पालटते, आणि मदत कशी मिळणार हे बहुधा दोष कोणाच्या माथी मारला जातो त्यावर ठरते.

सरंजामी व्यवस्थेत कूळ जमिनीला जखडलेले असे. पीक बुडाले तर आधार धन्याचा, आप्तांचा, नाहीतर दानधर्माचा. ती व्यवस्था ओसरल्यावर इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांचा भार स्थानिक चर्चच्या हद्दीवर टाकला आणि त्यासाठी कर बसवला.

भांडवलशाहीत दुकान भरलेले असते, खिसा रिकामा. रोजी बुडाली की चूल थंडावते. १८३४ च्या इंग्लिश कायद्याने धट्ट्याकट्ट्या गरिबाला शक्यतो ‘वर्कहाउस’मध्येच मदत द्यायचे धोरण धरले. तिथे नवरा, बायको, मुले यांची ताटातूट होई. कामे म्हणजे खडी फोडणे, जुन्या दोरखंडांचे तंतू उकलणे. आतले जिणे बाहेरच्या सर्वांत गरीब मजुराहूनही हलाखीचे असावे, हे उघड तत्त्वच होते. याला मदत म्हणावे की शिक्षा, हा प्रश्नच आहे. जर्मनीने १८८३ मध्ये आजारपणाचा विमा आणि १८८९ मध्ये वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन आणले. कामगार स्वतः वर्गणी भरत असल्याने त्याला हात पसरावा लागत नसे.

नियोजित व्यवस्थेत, म्हणजे उत्पादन आणि भाव सरकार ठरवते तिथे, चित्र उलटे. सोव्हिएत संघाने १९३० मध्ये बेकारी संपल्याचे जाहीर केले आणि बेकारभत्ता बंद केला. घरभाडे नाममात्र, पाव स्वस्त. पण खिशात रूबल असूनही वस्तू मिळेना. लोक जाळीची घडीची पिशवी जवळ बाळगत. तिचे नाव ‘आवोस्का’. त्यातल्या ‘आवोस’चा अर्थ ‘कदाचित’, म्हणजे मिळाले तर मिळाले. सामूहिक शेतावर राबणाऱ्यांना तर सर्वसाधारण सरकारी निवृत्तिवेतनासाठी १९६४ च्या कायद्याची वाट पाहावी लागली. त्याआधी, १९३२–३३ मध्ये, सक्तीच्या धान्यवसुलीने ज्यांची कोठारे रिकामी झाली तेही शेतकरीच.

अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावरून दाखवले, की धान्य असूनही ते मिळवण्याची ऐपत गेली की माणसे मरतात.

अलीकडे थेट रोख मदतीकडे कल आहे. मेक्सिकोने १९९७ मध्ये मुलांची शाळा व आरोग्यतपासणी यांच्या अटीवर पैसे देणे सुरू केले; ब्राझीलने २००३ मध्ये अशाच आधीच्या योजना एकत्र केल्या. रक्कम शक्यतो आईच्या हाती. उत्पन्नाची अट घातलेल्या योजनांत एक गोची होऊ शकते: कमाई जराशी वाढली की मदत एकदम तुटते, आणि घरात येणारा पैसा पूर्वीपेक्षा कमीही भरू शकतो.