फोटोशॉप नाही, पण माया आहे: लिनक्सवर असं का?

लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी वापरायची फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, तिच्या डेस्कटॉपवर नवीन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला, फोटोशॉप कुठंय? नाहीये. मायक्रोसॉफ्ट ऑफिस? ब्राउझरमध्ये चालतं तेवढंच. ऑटोकॅड पण नाही. आणि गंमत म्हणजे ऑटोकॅड बनवणाऱ्या त्याच ऑटोडेस्क कंपनीचं थ्रीडी अ‍ॅनिमेशनचं माया मात्र लिनक्सवर चालतं, स्पेशल इफेक्ट्सचं हुडिनी चालतं, गणिती कामाचं मॅटलॅब चालतं, आणि ही सगळी विकतची. म्हणजे लिनक्सवाले फुकटे, पैसे देत नाहीत, हे जे म्हणतात ते काही खरं नाही.

मायाचं कसं झालं, सिनेमाचं व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवरचे स्पेशल इफेक्ट्स) करणारे स्टुडिओ आधी सिलिकॉन ग्राफिक्सच्या महागड्या मशिनवर काम करायचे, त्यावर आयरिक्स नावाचं युनिक्स (लिनक्स ज्या जुन्या सिस्टिमच्या धर्तीवर बनलं ती) असायचं, मग २००० च्या आसपास साधे पीसीच तेवढे दमदार झाले तेव्हा यातल्या बऱ्याच जणांनी लिनक्स घेतलं कारण त्यांची सगळी कामाची पद्धत, स्क्रिप्टा वगैरे युनिक्सच्या होत्या. असं मोठं गिऱ्हाईक एकगठ्ठा आलं की कंपनी पोर्ट करतेच, म्हणजे आपला प्रोग्रॅम लिनक्सवर चालेल असा करून देतेच. फोटोशॉपचं गिऱ्हाईक विखुरलेलं, त्यात लिनक्सवाले मूठभर.

दुसरी अडचण तांत्रिक आहे, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. जुने प्रोग्रॅम कर्नलमुळे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यामुळे, बंद पडता कामा नयेत यावर लिनक्सचा जनक टोरवाल्ड्स भयंकर कडक आहे. पण प्रोग्रॅम नुसत्या कर्नलवर थोडीच चालतो, मध्ये ग्लिबसी ही पायाभूत लायब्ररी (प्रोग्रॅमांनी वापरायचा तयार कोड) असते, खिडक्या-बटणं काढणारं क्यूटी नाहीतर जीटीके असतं, आणि हे सगळं प्रत्येक डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक वेगळ्या आवृत्तीत (उबुंटू, रेड हॅट वगैरे), वेगवेगळ्या व्हर्जनचं. नव्या ग्लिबसीवर बिल्ड केलेला प्रोग्रॅम जुन्या डिस्ट्रोवर बऱ्याचदा सुरूच होत नाही. ओपन सोर्स असेल, म्हणजे सोर्स कोड सगळ्यांना खुला असेल, तर डिस्ट्रोवाले त्यावरून आपल्या डिस्ट्रोसाठी प्रोग्रॅम स्वतःच कंपाइल करून देतात. कंपनी सोर्स देणार नाही, मग टेस्टिंग आणि सपोर्ट सगळं तिच्याच गळ्यात. म्हणून माया अधिकृतपणे रेड हॅट आणि रॉकीसारख्या मोजक्या डिस्ट्रोंवरच, बाकीच्यांनी आपापलं बघा.

फ्लॅटपॅक या प्रोग्रॅम वाटायच्या पद्धतीने यावर तोडगा काढलाय, ठरावीक लायब्ररींचा संच डिस्ट्रोपासून वेगळा ठेवायचा. पण गेमवाल्यांनी भलताच रस्ता धरला. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या, १९९३ पासून चालू असलेल्या वाईनवर स्टीम हे गेमचं दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्हने २०१८ मध्ये प्रोटॉन उभं केलं, ते गेमने विंडोजला मारलेल्या हाका लिनक्सला कळतील अशा करून देतं, त्यामुळे पोर्ट न करताच हजारो गेम चालतात. अडतात ते मुख्यतः थेट विंडोजच्या कर्नलमध्ये घुसणारं अँटी-चीट (चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर) असलेले गेम, कारण वाईनकडे विंडोजचा कर्नलच नसतो.