ट्रंक उघडली आणि दार वाजले

गेल्या दिवाळीच्या आधी, बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या जुन्या घरात माळ्याची साफसफाई चालू असताना आत्याने कित्येक वर्षांनी पत्र्याची ट्रंक उघडली. डांबराच्या गोळ्यांचा वास मुरलेल्या लुगड्यांच्या तळाशी तिला शाळेतल्या मैत्रिणीचे आंतरदेशीय पत्र सापडले. ती मैत्रीण लग्नानंतर ग्वाल्हेरला गेली आणि पुढे पत्रव्यवहार थांबला होता. आत्या ते पत्र डोळ्यांजवळ धरून वाचत असतानाच त्या मैत्रिणीची मुलगी घर शोधत दारात येऊन उभी राहिली. आत्याने पत्र देवापुढे ठेवले आणि म्हणाली, "हे दत्तमहाराजांनीच घडवून आणलं रे."

तिचे भरून आलेले डोळे मी पाहिले आहेत, त्यामुळे "छे, निव्वळ योगायोग" एवढे म्हणून तिची बोळवण करणे मला योग्य वाटत नाही. उत्तर द्यायचे तर ते नीट हिशेब मांडूनच द्यायला हवे.

पर्सी डायाकोनिस आणि फ्रेडरिक मॉस्टेलर या संख्याशास्त्रज्ञांनी १९८९ साली योगायोगांवर एक महत्त्वाचा शोधनिबंध लिहिला. त्यांनी सांगितलेल्या कारणांपैकी एक म्हणजे दोन्ही घटनांमागे दडलेले समान कारण. आमच्या घरी ते होतेच: ट्रंक दिवाळीमुळे उघडली आणि ती मुलगीही दिवाळीच्या सुटीमुळेच बडोद्याला आली होती. दोन्ही गोष्टी त्याच आठवड्यात होण्याची शक्यता एरवीपेक्षा पुष्कळच जास्त होती.

पण त्याच क्षणी? इथे आपली मोजण्याची पद्धत फसवते. गणेशोत्सवात आरतीला २३ माणसे जमली, तर त्यांतल्या कोणत्या तरी दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त असते, आणि ४० माणसे असतील तर ती सुमारे ८९ टक्के होते. हे ऐकून विश्वास बसत नाही, कारण आपण मनात स्वतःचाच वाढदिवस धरून जुळणी शोधतो. प्रत्यक्षात २३ माणसांत २५३ जोड्या असतात आणि त्यांतली कोणतीही जोडी जुळली तरी चालते. आत्याचेही असेच आहे. पत्राऐवजी जुना फोटो सापडला असता, स्वप्न पडले असते, मुलीऐवजी फोन आला असता किंवा दुसऱ्याच एखाद्या मैत्रिणीची बातमी कळली असती, तरी ती तितकीच थक्क झाली असती. म्हणून विचारायला हवे ते हे, की तितकेच थक्क करणाऱ्या साऱ्या शक्यतांपैकी एखादी तरी घडण्याचा संभव किती.

त्यात माणसांची संख्या मिळवा. २०११ च्या जनगणनेत बडोदा शहराची लोकसंख्या १६ लाखांवर होती. एखादी गोष्ट एका माणसाच्या बाबतीत दिवसाला दहा लाखांत एकदाच घडण्याजोगी असली, तरी या एका शहरात ती सरासरीने रोज एकाच्या तरी वाट्याला येईल, आणि ज्याच्या वाट्याला येईल तो ती जन्मभर सांगत राहील. बल्गेरियाच्या लॉटरीत सप्टेंबर २००९ मध्ये लागोपाठच्या दोन सोडतींत तेच सहा आकडे निघाले. सरकारने चौकशी केली आणि गैरप्रकार आढळला नाही.

मग देवाचे काय? मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी अशा अर्थपूर्ण जुळणीला कार्यकारणभावाबाहेरचे स्वतंत्र तत्त्व मानले होते, परंतु ते तपासायचे कसे हे त्यातून कळत नाही, आणि मला ती मोठी उणीव वाटते. देव जर नेमके तेवढेच योगायोग घडवत असेल जेवढे यदृच्छेनेही घडले असते, तर कोणतीही मोजणी या दोहोंत फरक करू शकणार नाही. ते अपेक्षेपेक्षा जास्त घडत असतील तर मात्र फरक दिसायला हवा, आणि त्यासाठी न जुळलेल्या वेळाही लिहून ठेवल्या पाहिजेत, कारण त्या आपण विसरतो.

आत्याला हे पटले. आता कोणाची आठवण आली की ती भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलने नाव लिहिते, आणि त्या दिवशी त्या माणसाची काही खबर आली तर नावाभोवती गोल करते. तीन महिन्यांत एकसष्ट नावे झाली आहेत. गोल दोन आहेत, आणि त्यांतला एक ग्वाल्हेरच्या फोनचा आहे.