घरी शिकणाऱ्या मुलांना परीक्षा द्यावी लागते का? अडतं ते कागदांपाशी

घरी शिकणाऱ्या मुलाला दरवर्षी कुठे परीक्षा द्यावी लागते का, असं पालक विचारतात तेव्हा मूल सात-आठ वर्षांचं असतं. तेच पालक दहावीचा अर्ज बाद झाला म्हणून फोन करतात तेव्हा ते चौदा-पंधराचं झालेलं असतं. मधल्या वर्षांत परीक्षा कुणी मागितलेली नसते, त्यामुळे कागदांची फाइलही उघडलेली नसते.

आधी सरळ उत्तर. महाराष्ट्रात घरी शिकणाऱ्या मुलांसाठी वेगळी नोंदणी नाही आणि त्यांच्यासाठी वार्षिक परीक्षाही नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य मानतो, पण न घातल्यास पालकाला दंड सांगत नाही. घरच्या शिक्षणाबद्दल तो काहीच बोलत नाही, आणि या मौनाचा अर्थ प्रत्येक टेबलावर वेगळा लावला जातो. पालकांनी घाबरू नये, पण गाफीलही राहू नये.

मूल मध्येच शाळेत घालायचं असेल तर मात्र परीक्षा आडवी येते. पाचवीपर्यंत वयानुसार वर्ग मिळतो. राज्याच्या २०२३ च्या नियमानुसार सहावी ते आठवीत प्रवेश हवा असेल तर पाचवीची वार्षिक परीक्षा उत्तीर्ण असावं लागतं, नाहीतर पाचवीतच बसवतात. बारा वर्षांची मुलगी पाचवीच्या बाकावर बसायला तयार होत नाही, हे मी पाहिलंय. तेव्हा शाळेत परतण्याचा विचार मनात असेल तर तो पाचवीच्या आत करा. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी आणि आठवीच्या परीक्षाही आहेत. त्यांना अनुक्रमे १० आणि १३ वर्षं पूर्ण लागतात.

आता दहावी. सगळ्यात जास्त अर्ज इथे अडकतात. बाहेरून दहावी म्हटलं की लोक १७ नंबरचाच फॉर्म, म्हणजे राज्य मंडळाचा खासगी उमेदवारांसाठीचा अर्ज, भरतात. त्यासाठी मुलाने पाचवी उत्तीर्ण होऊन शाळा सोडलेली असावी लागते आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला जोडावा लागतो. मूळ प्रत नसेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र. हे प्रतिज्ञापत्र वाचताना फार जण चुकतात. ते हरवलेल्या दाखल्यासाठी आहे, कधी मिळालाच नाही अशा दाखल्यासाठी नव्हे. जे मूल शाळेची पायरीच चढलं नाही त्याचा दाखला कुठून आणणार? तरी खिडकीवर ‘दाखला आणा’ एवढंच ऐकवतात, आणि पालक ओळखीच्या शाळेतून दाखला ‘काढून’ आणायच्या मागे लागतात. कृपा करून हे करू नका. न शिकलेल्या शाळेचा दाखला खोटाच असतो, आणि तो पुढे मुलाच्या गळ्याशी येतो.

अशा मुलांचा रस्ता राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा, म्हणजे एनआयओएसचा. दहावीच्या प्रवेशाला तिथे आधीच्या शाळेचा कागद लागतोच असं नाही. हा अभ्यासक्रम करण्याइतकं शिकलो आहे, असं स्वयंघोषणापत्र चालतं. मराठी माध्यमही आहे. जन्मतारखेचा पुरावा, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, फोटो आणि सही, एवढं ऑनलाइन अपलोड केलं की काम होतं. दिसायला सोपं आहे.

पण शाळेचा कागद नाही म्हटल्यावर जन्मतारखेचा सगळा भार जन्म दाखल्यावर पडतो. दोन वर्षांपूर्वी एक आई प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घातलेला दाखला घेऊन आली. तारीख बरोबर, आईवडिलांची नावं बरोबर, शिक्का स्वच्छ. मुलाच्या नावाचा रकाना कोरा. प्रसूतीनंतर रुग्णालयाने नोंद पाठवली, बारशानंतर नाव घालायला कुणी गेलंच नाही. शाळेत घातलं असतं तर पहिलीलाच हे ध्यानात आलं असतं. तिला चौदा वर्षांनी कळलं. नोंदणीपासून एका वर्षाच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. म्हणजे त्या घराकडे जेमतेम काही महिने उरले होते. त्यांनी महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात चार खेपा घातल्या, नाव लागलं, पण प्रवेशाची ती फेरी हुकली. तुमच्याकडचा दाखला आजच काढून बघा. नाव आहे का, आणि त्याचं स्पेलिंग आधारशी अक्षरन् अक्षर जुळतं का.

दुसरी गफलत वयाची. एनआयओएसच्या दहावीला किमान १४ वर्षं पूर्ण लागतात, पण ती परीक्षेच्या दिवशी पूर्ण होऊन चालत नाहीत. एप्रिल-मेच्या परीक्षेसाठी प्रवेश घेताना ती आधीच्या वर्षीच्या ३१ जुलैला पूर्ण हवीत, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या परीक्षेसाठी त्याच वर्षीच्या ३१ जानेवारीला. २ ऑगस्टला जन्मलेलं मूल परीक्षेच्या वेळी पावणेपंधराचं होत असलं तरी आधीच्या फेरीत बसत नाही. त्याने पुढची फेरी धरावी. दोन दिवसांसाठी सूट मिळेल, या आशेवर शुल्क भरू नये.

प्रवेश झाला की पाच विषय, त्यात किमान एक भाषा. लेखी गुणांतले २० टक्के गृहपाठाचे, म्हणजे टीएमएचे असतात. परीक्षेआधी वेळेत न दिल्यास ते हातचे जातात. विज्ञान घेतलं तर प्रात्यक्षिकात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं, आणि ते अभ्यास केंद्रावर जाऊनच करायचं असतं. तेव्हा केंद्र घराजवळचं निवडा.

दहावीनंतर हुशार मुलांच्या पालकांना घाई होते. एका वर्षात बारावी उरकू, म्हणतात. दहावी आणि बारावीत दोन वर्षांचं अंतर लागतं. त्याआधी बसायचं तर चारच विषय देता येतात, पाचवा नंतरच. याउलट कच्च्या मुलाला इथे पुष्कळ सवड आहे. नोंदणी पाच वर्षं चालते, नऊ संधी मिळतात, आणि उत्तीर्ण झालेला विषय जमा राहतो. पहिल्या वेळी दोनच विषय सुटले तर उरलेल्या तिनांचाच फॉर्म भरायचा.